वैशाखातला चारा मोजा, मग शेळी आणा: कोरडवाहू चार एकरांत पीक, जनावर आणि झाड कसं बसवायचं

आमच्याकडे शेळ्या बघायला येणारा माणूस पहिला प्रश्न गोठ्याचा विचारतो. किती फूट, पत्रा कोणता, जाळी कुठून आणली. मी त्याला आधी बांधावर नेते. हादगा, शेवरी, सुबाभूळ दाखवते, कडब्याची गंज दाखवते आणि विचारते, ‘तुमच्याकडे वैशाखात काय असतं?’ बहुतेक जण गप्प होतात. २०१७ साली मला कोणी हे विचारलं असतं तर मीही गप्पच झाले असते.

आमचं रान धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात, बालाघाटच्या माथ्यावर. चार एकर; त्यातलं एक एकर काळं, बाकी मुरमाड. विहीर एकच, माघापर्यंत नीट चालते, पुढे दिवसाला तासभर. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, बचत गटातून कर्ज काढलं आणि बारा उस्मानाबादी शेळ्या दारात आणून बांधल्या. पुढच्याच वर्षी, २०१८ ला, पावसाने दगा दिला. ऑक्टोबरातच दुष्काळ जाहीर झाला आणि होळीच्या आत आमचा कडबा संपला. विकतच्या चाऱ्यावर दोन महिने काढले, मग आठ शेळ्या बाजारात पडेल त्या भावाने दिल्या. शेळ्या चांगल्या होत्या. मीच त्या दोन वर्षं लवकर आणल्या होत्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी तेव्हा मोकळ्या बांधाकडे बोट दाखवलं. ट्रॅक्टर वळायला अडचण होते म्हणून त्या बांधावरच्या तीन बाभळी आणि एक हिवर आम्हीच तोडला होता. शेंगा, पाला, काट्या, सावली, सगळं एका दिवसात गेलं, आणि वर आम्ही शेळ्या आणल्या.

पुढे लिहिलेला क्रम त्यानंतर सात-आठ वर्षांत बसलेला आहे. तुमची जमीन, पाऊस वेगळा असेल तर झाडांची नावं बदला, क्रम बदलू नका.

१. आधी वही: जून ते जून चाऱ्याचा हिशोब

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकासमोर आपल्या रानात जनावराच्या तोंडात जाईल असं काय असतं ते लिहा. बांधावरचं गवत, भुईमुगाचा वेल, तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, कडबा, झाडाचा पाला, सगळं. जून ते डिसेंबरचे रकाने भरतील. फाल्गुन ते ज्येष्ठ रिकामे राहतील. तुम्ही किती जनावरं पाळू शकता ते या रिकाम्या रकान्यांवरून ठरवायचं, भरलेल्यांवरून नाही.

मोठ्या शेळीला दिवसाला साधारण चार किलो हिरवा आणि एक किलो वाळला चारा धरा. दहा शेळ्या म्हणजे रोज चाळीस किलो हिरवा, वर्षाला साडेचौदा टनांच्या आसपास. फेब्रुवारी ते मध्य जून असे साडेचार महिने धरले तर वाळला चारा साडेतेरा क्विंटल लागतो. माहितीपत्रकात संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताचं उत्पादन एकरी ८० ते १०० टन लिहिलेलं असतं. ते भरपूर पाण्याचं आहे. आपल्या विहिरीवर निम्मं धरा. म्हणजे दहा गुंठ्यांत दहा-बारा टन, आणि त्यातलाही मोठा वाटा पावसाळ्यात आणि थंडीत येतो, उन्हाळ्यात ठोंब नुसते जिवंत राहतात. उन्हाळ्याची तूट कडबा, मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) आणि झाडाचा पाला यांनीच भरायची.

हा हिशोब केल्यावर माझ्या चार एकरांत दहा शेळ्या, एक बोकड आणि एक गाय एवढंच बसलं. पिल्लं धरून आकडा वाढतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला विकायची जनावरं विकूनच टाकते.

शेळीला ‘चालतंबोलतं एटीएम’ म्हणायची फॅशन आहे. एटीएममध्ये आधी कोणीतरी पैसे भरतं, एवढंच लक्षात ठेवा.

२. पीक निवडताना कडब्याकडेही बघा

आमच्या भागात सोयाबीन आलं आणि कडबा गेला. सोयाबीनला नगदी पैसा आहे, मी पण करते, पण सगळं रान सोयाबीनखाली घातलं तर गोठ्याला मिळतं ते थोडं भुसकट, तेही मळणीच्या दिवशी पाऊस आला तर काळं पडतं. म्हणून माझी वाटणी अशी:

– खरिपात दीड एकर सोयाबीन आणि त्यात तूर, चार ओळी सोयाबीनला दोन ओळी तूर. तुरीचं भुसकट शेळ्या आवडीने खातात, तुराट्या कुडाला आणि चुलीला.
– काळ्या एकरात खरिपाला उडीद किंवा मूग, आणि रब्बीला मालदांडी ज्वारी. मालदांडीचा कडबा गोड. ठेंगण्या वाणाला धान्य बरं येतं, पण कडब्याला उंची नाही.
– विहिरीजवळ दहा गुंठे चाऱ्याला: अर्ध्यात नेपियर, अर्ध्यात दशरथ घास. नेपियर पोट भरतो, दशरथ घास प्रथिनं देतो. एकट्या नेपियरवर शेळी नुसती उभी राहते, वाढत नाही.
– सर्वांत मुरमाड वीस गुंठ्यांत सीताफळ. त्याबद्दल पुढे.

उरलेलं रान बांध, वाट, गोठा, उकिरडा आणि ओढ्याकाठची पट्टी यांत जातं. ते वाया गेलं असं समजू नका, निम्मा पाला तिथूनच येतो.

कडबा कुट्टी यंत्र पहिल्याच वर्षी घ्या. अख्खी पेंढी टाकली की जनावर पानं ओरबाडून खातं आणि बुडखे तुडवतं. कुट्टी केली तर बुडखाही पोटात जातो. नवीन नाही परवडलं तर दोघा-तिघांत मिळून घ्या, फक्त यंत्राला बोटं देऊ नका. आमच्या वाडीवर दोन माणसं अशी बोटं गमावून बसली आहेत.

मुरघासाबद्दल थोडक्यात: मका दाणे दुधाळ-चिकाच्या अवस्थेत असताना कापायचा, कुट्टी करून पिशवीत दाबून-दाबून भरायचा, हवा राहू द्यायची नाही, आणि ४५ दिवस हात लावायचा नाही. पिशवीला उंदराने भोक पाडलं तर आतला चारा बुरशी धरतो. बुरशीचा भाग शेळीला घालू नका, गाभण शेळीला तर मुळीच नको.

३. झाडं: कुठल्या बांधावर काय

इथे घाई केली तर पंधरा वर्षं पस्तावायची पाळी येते, म्हणून सावकाश वाचा.

आपल्याकडे थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे सावली उत्तरेला पडते. दक्षिणेच्या बांधावर उंच झाड लावलं तर ती सावली नेमकी तुमच्या रब्बी ज्वारीवर. मी पहिल्या वर्षी दक्षिण बांधावर सुबाभूळ लावली, आणि तिसऱ्या वर्षी बांधालगतच्या पाच-सहा ओळींत कणसं बोटाएवढी राहिली. आता दक्षिणेला बुटकी झाडं आहेत: करवंद, आणि दरवर्षी कमरेएवढी छाटलेली शेवरी. उंच झाडं पूर्व-पश्चिम बांधावर. उत्तर बांधावर लावायचं तर आठ-दहा फूट आत घेऊन लावा, नाहीतर सावली शेजाऱ्याच्या रानात जाईल आणि शेजारी तुमच्या दारात येईल.

सामाईक बांधावर तर झाड लावूच नका. रोप असतं तोवर ते कोणाचंच नसतं. चिंच धरायला लागली की दोघांचं होतं.

मी झाडांचे तीन गट करते.

*पाल्याची झाडं.* शेवरी, हादगा, सुबाभूळ, शेवगा. शेवरी आणि हादगा सहा-आठ महिन्यांत पाला देतात पण फार वर्षं टिकत नाहीत, दोन-तीन वर्षांनी नवं बी टाकावं लागतं. सुबाभूळ टिकते, पण तिच्यात मायमोसिन नावाचं द्रव्य असतं. रोजच्या चाऱ्यात ती एक तृतीयांशाच्या वर गेली की केस गळतात, वजन उतरतं. शिवाय शेंगा पिकू दिल्या तर सगळ्या रानात सुबाभूळच उगवते, म्हणून शेंगा धरायच्या आत छाटायची. शेवगा दुहेरी: शेंगा बाजारात, पाला गोठ्यात.

*खताचं झाड.* गिरीपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, ज्याला काही ठिकाणी उंदीरमारी म्हणतात. फांदी खोचली तरी लागतो. वर्षातून दोनदा छाटून पाला ज्वारीच्या रानात पसरायचा. शेळ्या ताज्या पाल्याला तोंड लावत नाहीत, सुकवून दिला तर थोडा खातात. मी तो जमिनीलाच देते.

*पैशाची झाडं.* मुरमाड वीस गुंठ्यांत पाच बाय पाच मीटरवर ऐंशी सीताफळं, बाळानगर जातीची. सीताफळच का, याचं खरं कारण शेळी आहे. शेळी सीताफळाचा पाला खात नाही. आंबा, पेरू, बोर लावलं असतं तर रोज राखण करावी लागली असती. दोन ओळींच्या मधे पहिली तीन वर्षं उडीद-कुळीथ घेतला, आता मारवेल गवत आहे. गवत कापूनही आणते आणि फळ नसताना शेळ्या आत सोडतेही. फळ असताना मात्र नाही, कारण बोकड अंग घासून फांद्या मोडतो. याशिवाय ओढ्याच्या काठाला बांबूची दोन बेटं, वरच्या कोपऱ्यात कडुनिंब आणि दोन चिंचा.

खड्डे मे महिन्यात घ्या, दोन फूट लांब, रुंद, खोल. पंधरा दिवस ऊन खाऊ द्या. मग माती, कुजलेलं लेंडीखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरा. रोप पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं पुरलं होतं. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात चिंधीची वात ओवायची आणि आठवड्यातून दोनदा भरायचं. ऐंशी मडकी भरायला सकाळचे दोन तास जात. ठिबक असेल तर मडक्यांची गरज नाही.

झाडाची मुळं पिकात येतात अशी तक्रार ऐकाल. खरी आहे. बांध आणि पीक यांच्यामधे दीड-दोन फूट खोलीचा चर मारा, मुळं तुटतात आणि पावसाचं पाणीही अडतं. दर दोन वर्षांनी चर उकरावा लागतो.

आणि एक इशारा. ‘एकरी इतके कोटी’ म्हणत चंदन किंवा महागडं परदेशी इमारती लाकूड लावायला सांगणारे दलाल गावोगाव फिरतात. रोपाची किंमत आगाऊ घेतात, खरेदीचा करार देतात. आमच्या ओळखीत एकाने तीनशे रोपं घेतली. आता फोन लागत नाही.

४. कुंपण

झाडाच्या आधी कुंपण लागतं हे मी उशिरा शिकले. आमचीच शेळी सुटली आणि सकाळभरात चाळीस हादग्यांचे शेंडे खाऊन आली. शेंडा खाल्लेलं रोप पुन्हा फुटतं. साल सोललेलं मरतं, आणि उन्हाळ्यात शेळी साल सोलते.

जाळीचं कुंपण महाग. मी बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी केली आणि तिच्या आतून घायपात आणि करवंद लावलं. कुपाटी दोन वर्षांत किडून पडते, तोवर घायपाताने जागा धरलेली असते.

गावची मोकाट जनावरं हा वेगळा विषय. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी केली, तेव्हा डोंगरावर गवत आणि झाडोरा परत आला, आणि गवत कापून नेण्यावर गावातलं दूध वाढलं. आमच्या गावात तेवढी एकी नाही. म्हणून मी आमच्या वाडीतल्या सहा घरांपुरतं बोलून घेतलं: पेरणीपासून कडबा बांधेपर्यंत कोणाचं जनावर कोणाच्या रानात मोकळं जाणार नाही. एवढंही पुरतं.

५. गोठा

मोठ्या शेळीला निवाऱ्याखाली दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा. लांबी पूर्व-पश्चिम. खाली मुरूम, उतार बाहेर. सिमेंटचा कोबा नको, मूत साचतं. गव्हाण शेळीच्या छातीच्या उंचीवर, आणि पाल्याच्या पेंढ्या दोरीने टांगलेल्या. जमिनीवर पडलेला चारा शेळी खात नाही. लाखाचा गोठा बांधू नका. पहिले दोन वर्षं आमचा गोठा म्हणजे बांबू, तुराट्यांचा कूड आणि जुने पत्रे एवढाच होता, आणि त्यात एकही शेळी गोठ्याच्या दोषाने मेली नाही.

६. शेळ्या आणताना

झाडं लावल्यावर निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. मग पाच शेळ्या आणा, दहा नको.

जात आपल्या भागातलीच घ्या. मराठवाड्यात उस्मानाबादी, नगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, कोकणात कोकण कन्याळ. उस्मानाबादी काटक असते आणि जुळी देते. बाहेरची मोठ्या अंगाची जात फोटोत छान दिसते, पण तिचं पोटही मोठं असतं.

शक्यतो बाजारातून घेऊ नका, दावणीवरून घ्या. ज्या घरी शेळी जन्मली तिथे तिची आई, तिची जुळी बहीण दिसते. दोन किंवा चार दाती निवडा. दोन दाती म्हणजे सव्वा-दीड वर्षाची, चार दाती म्हणजे दोनच्या आसपास. सगळे दात जुळलेली घेऊ नका. सड दोन्ही सारखे आहेत का दाबून पाहा. नाकातून शेंबूड, मागे घाण लागलेली शेपटी दिसली तर भाव न करता परत या.

घरी आणल्यावर तीन आठवडे जुन्या जनावरांपासून लांब बांधा. हे प्रत्येक जण सांगतो आणि कोणी करत नाही. मी एकदा केलं नाही, आणि बाजारातून आलेल्या एका बोकडाने पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग आणला. अकरा दिवसांत पाच पिल्लं गेली.

बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना एक पुरतो, म्हणून पाच शेळ्यांसाठी तो पाळू नका, शेजारचा वापरा. स्वतःचा असेल तर दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर वेत येणार नाही असा हिशोब धरून बोकड लावा. पिल्लू जन्मलं की तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. ‘जार पडल्यावर पाजू’ म्हणून थांबणाऱ्यांची पिल्लं पहिल्या आठवड्यात दगावतात.

७. लस, जंत आणि विषबाधा

लसीचा तक्ता गोठ्याच्या दारावर खडूने लिहा. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषार, पंधरा दिवसांनी त्याचाच दुसरा डोस. पीपीआर एकदा टोचली की तीन वर्षं चालते, पण नव्या पिल्लांना तीन-चार महिन्यांची झाल्यावर टोचावी लागते. गाईला घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत आणि लम्पी. जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि नंतर, वजन पाहून. पशुवैद्यकीय दवाखान्यात कानाला बारा अंकी बिल्ला मारून घ्या, त्याशिवाय विमा होत नाही आणि दावाही मिळत नाही. जनावर दगावलं तर पुरण्याआधी डॉक्टरांना बोलवा, शवविच्छेदनाचा कागद लागतो.

पीक, झाड आणि जनावर एकाच रानात आले की काही धोके नव्याने तयार होतात. ते असे:

– ज्वारीची किरळ. ज्वारीचे कोवळे पोंगे, त्यातही पावसाने ताण दिलेली ज्वारी किंवा कापणीनंतर बुडातून आलेले फुटवे, यांत सायनाइड तयार होतं. जनावर खाल्ल्यावर तासाभरात पडतं. फुलोऱ्यात येईपर्यंत ज्वारीत जनावर सोडू नका. पडलंच तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, डॉक्टरांना फोन करताना ‘किरळ लागली’ असं स्पष्ट सांगा, ते इंजेक्शन घेऊनच निघतील.
– फवारणी. तुरीवर औषध मारलं आणि संध्याकाळी त्याच बांधाचं गवत कापून आणलं, असं घरोघर होतं. फवारणी नवरा करतो, गवत बायको आणते, दोघांचं बोलणं होत नाही. आमच्याकडे फवारलेल्या बांधावर लाल चिंधी बांधतात, आणि डब्यावर लिहिलेले दिवस होईपर्यंत तिथलं काही कापायचं नाही.
– धान्य. शेळीने पोत्यात तोंड घालून पोटभर ज्वारी किंवा मका खाल्ला की पोटात आम्ल होतं आणि दुसऱ्या दिवशी ती उठत नाही. धान्याच्या खोलीला कडी लावा. युरियाची पोतीही अशीच कडीच्या आड ठेवा.
– घाणेरी आणि एरंड. भूक लागलेली शेळी दोन्ही खाते.

८. लेंडीखत परत रानात

इथे साखळी पूर्ण होते, आणि इथेच बहुतेक जण आळस करतात. गोठ्याबाहेर उकिरडा करून वर्षभर उन्हात टाकलेलं खत म्हणजे अर्धं वाऱ्यावर गेलेलं खत. सावलीत तीन फूट खोल खड्डा घ्या. गोठ्यात तुरीचं भुसकट अंथरा, ते मूत शोषतं, आठवड्याला उचलून खड्ड्यात टाका, मधूनमधून गिरीपुष्पाचा पाला, वर पाणी, शेवटी मातीचा थर. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत होतं.

अर्धकच्चं खत शेतात टाकू नका. त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि तणाचं बी जसंच्या तसं रानात जातं.

आपलं खत पुरत नसेल तर मेंढ्या बसवा. दिवाळीनंतर धनगरांचे कळप आमच्या भागातून जातात. रात्री रानात मेंढ्या बसवायच्या, बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, हा व्यवहार आत्याबाईंच्या सासऱ्यांपासून चालत आला आहे. ज्या वर्षी मेंढ्या बसल्या त्या वर्षीची ज्वारी लांबून ओळखू येते. फक्त त्या काळात आपल्या शेळ्या त्यांच्यात मिसळू देऊ नका आणि रोपांचं कुंपण आधी तपासा.

९. कोंबड्या शेवटी

वीस-पंचवीस गावरान कोंबड्या पुरे. दिवसा गोठ्यात आणि खड्ड्यावर फिरतात, गोचीड आणि अळ्या वेचतात. रात्री त्यांचा खुराडा वेगळा असू द्या, गव्हाणीवर विष्ठा पडायला नको. मानमोडीची लस चुकवू नका, ती चुकली की एका आठवड्यात खुराडा मोकळा. कोंबडीखाद्य शेळीला लागणार नाही असं ठेवा.

१०. कागदपत्रं आणि योजना

हे जवळ ठेवा: सातबारा आणि आठ अ, आधार, आधारशी जोडलेलं बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि खातं सामाईक असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र. शेवटच्या कागदापाशी सगळ्यात जास्त वेळ जातो. नणंदा-दिरांना फोन आताच करून ठेवा.

फळबागेसाठी भाऊसाहेब फुंडकर योजना आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. कोकण सोडून बाकी महाराष्ट्रात किमान २० गुंठे क्षेत्र लागतं. अनुदान तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असं येतं आणि पुढच्या हप्त्यासाठी झाडं जगलेली दाखवावी लागतात. पूर्वसंमती यायच्या आत खड्डे खणून बसू नका.

शेळ्यांसाठी पशुसंवर्धन खात्याची १० शेळ्या आणि १ बोकड अशी गट योजना असते, अर्ज ऑनलाइन भरतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के भांडवली अनुदान आहे, पण ते १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून पुढे. त्या आकड्याला भुलून नवख्या माणसाने सुरुवात करू नये. अनुदान चाऱ्याला पुरत नाही. खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळतं, बँकेत ते नाव घेऊन विचारा.

झाडांच्या बाबतीत दोन गोष्टी कराच. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, करताना बांधावरची झाडंही नोंदवा. अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे, पण बहुतेक जण पीक भरून बाहेर पडतात. दुसरी, तोडीचा परवाना. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात साग, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, मोह, हिरडा, ऐन, अंजन अशी सोळा झाडं आहेत, ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बांबूचं मात्र सोपं झालं: २०१७ मध्ये केंद्राने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून काढला.

११. पैसे कधी?

पहिलं वर्ष खर्चाचं. दुसऱ्या वर्षी शेवग्याच्या शेंगा आणि अंडी, म्हणजे मीठ-मिरची सुटते. तिसऱ्या वर्षी बोकड. बकरी ईदसाठी ठेवायचा तर शिंग, कान, पाय कुठेही खोट नसलेला ठेवा आणि तारीख चंद्रावर असते, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे धरून वेताचं नियोजन करा. आमच्या घरात अंडी आठवड्याच्या बाजाराला, बोकड शाळेच्या फीला आणि तूर-सोयाबीन कर्जाच्या हप्त्याला, अशी वाटणी ठरली आहे.

एक खर्च वहीत येत नाही: घरी कोणीतरी रोज असावं लागतं. चार एकर नुसतं सोयाबीन केलं तर कुलूप लावून लग्नाला जाता येतं. आता आम्ही पाळी लावतो. मागच्या वैशाखात माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला मी सकाळी जाऊन अक्षता पडताच परत आले, कारण एक शेळी व्यायला झाली होती. आत्याबाई दोन दिवस राहिल्या आणि येताना मांडवाच्या कडेचा आंब्याचा पाला पोत्यात भरून घेऊन आल्या.